सुट्टीवर जाताना झाकून ठेवलेले पाणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्याच्या सुट्टीत घर बंद करून गावाला जाणाऱ्यांना उद्देशून आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत आलेले टिपण वाचले. गॅसचा रेग्युलेटर बंद करणे, फ्रीज रिकामा करून त्याचे दार किलकिले ठेवणे, कुंड्यांच्या पाण्याची सोय शेजारी लावणे, पेपर आणि दूध बंद करायला सांगणे या सगळ्या सूचना उपयुक्तच आहेत. तथापि अलीकडच्या काही वर्षांत आपल्या शहरातील घरांत ज्या एका वस्तूची भर पडली आहे, तिच्याविषयी त्यात एक ओळही नव्हती. आणि माझा अनुभव असा, की बंद घरात सर्वांत लवकर बिघडते ती तीच. ती म्हणजे गरम पाण्याचा टब.

याला बहुतेक जण जकुझी म्हणतात. वास्तविक ते एका कंपनीचे नाव आहे, पण वनस्पती तुपाला सरसकट डालडा म्हणण्याची सवय असलेल्या आपल्याला त्यात काही वावगे वाटत नाही. ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी या भागांतील काही बंगल्यांच्या गच्चीवर असे टब आले आहेत आणि पन्हाळा, आंबा, गगनबावडा, राधानगरी या बाजूंच्या फार्महाऊसच्या जाहिरातींत तर तो आता खोलीच्या भाड्याचे मुख्य कारण झाला आहे. ही श्रीमंतांची चैन आहे, तिच्यासाठी वृत्तपत्रातील जागा कशाला अडवायची, असे काही वाचक म्हणतील. चैनीचा आक्षेप मला मान्य आहे. परंतु या पाण्यातून होणारा त्रास टबाच्या मालकापुरता राहत नाही, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त शिक्षक असून कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले. त्यामुळे पुढील हकीगत सांगताना मला अधिकच संकोच होतो. सौ.च्या गुडघ्यांच्या दुखण्यासाठी आम्ही गच्चीवर १,००० लिटरचा एक टब बसवून घेतला. गेल्या वर्षी एप्रिलअखेर आम्ही उभयता अठरा दिवसांसाठी मुलाकडे बंगळुरूला गेलो. निघण्याच्या आदल्या रात्री, टब बसवून देणाऱ्या माणसाने सांगितल्याप्रमाणे, मी क्लोरीनचा नेहमीच्या तिप्पट डोस टाकला, झाकण लावले, पट्टे आवळले आणि निर्धास्त झालो. परतताना नात सोबत आली. घरात पाऊल टाकताच तिला टबात उतरायचे होते. झाकण उघडले तर पाणी आरशासारखे, तळाचा स्क्रूसुद्धा दिसावा इतके नितळ. तो नितळपणा पाहून मी चाचणीची पट्टी, जी क्लोरीन असेल तर जांभळी होते, बुडवण्याचाही कंटाळा केला. तिसऱ्या दिवशी मुलीच्या पोटावर आणि मांड्यांवर, पोहण्याचा पोशाख जिथे अंगाला घट्ट बसतो नेमक्या त्या जागी, लालसर खाजरे पुरळ उठले. डॉक्टरांनी औषध लिहून देण्याआधी विचारले, "कुठल्या पाण्यात बसली होती?" घरी येऊन मी झाकणाच्या आतल्या बाजूवर बोट फिरवले, तर ती ओल्या शेवाळासारखी बुळबुळीत लागली. पट्टी बुडवली, ती कोरी होती तशीच पांढरी राहिली.

हा स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूचा प्रताप. तो कोमट पाण्यात आणि नळ्यांच्या आतल्या बुळबुळीत थरात सुखाने वाढतो. पुरळ बहुधा काही दिवसांत आपोआप जाते, तसे ते गेलेही. पण चूक कुठे झाली ते शोधल्याशिवाय माझ्यातील शिक्षकाला चैन पडेना.

चूक साध्या हिशेबात होती. गरम पाण्याच्या टबात मोकळे क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेले, किमान ३ पीपीएम असावे, असे अमेरिकेतील सीडीसी ही सार्वजनिक आरोग्य संस्था सांगते; पोहण्याच्या तलावाला तिच्या मते किमान १ पीपीएम पुरते. आपल्या नळाच्या पाण्यात ते ०.२ असले तरी चालते, कारण ते पाणी आपण गरम करून, त्यात हवेचे फवारे सोडून, चार माणसांचा घाम मिसळत तासन्‌तास ठेवत नाही. १ पीपीएम म्हणजे १,००० लिटरला १ ग्रॅम, हे एकदा लक्षात ठेवले की बाकी सगळे सोपे आहे. मी ३ च्या तिप्पट, म्हणजे ९ पीपीएमपर्यंत क्लोरीन चढवून गेलो होतो. परत आल्यावर टब धुऊन, नवे पाणी भरून, झाकण लावून आणि कोणालाही आत उतरू न देता मी सलग सहा दिवस मोजणी केली, तेव्हा आमच्या टबात उन्हाळ्यात रोज सुमारे निम्मे क्लोरीन संपते असे दिसले. मग नवाचे पहिल्या दिवशी साडेचार आणि दुसऱ्या दिवशी सव्वादोन. आमच्या बॅगा उघडून कपडे कपाटात लागतात न लागतात, तोच इकडे गच्चीवरचे पाणी किमान पातळीच्या खाली गेलेले होते, आणि उरलेले सोळा दिवस ते जिवाणूंच्या स्वाधीन होते. रोज निम्मे घटणाऱ्या वस्तूचा डोस दुप्पट केल्याने एकच दिवस वाढतो. अठराव्या दिवशी ३ पीपीएम शिल्लक राहावे इतके क्लोरीन आधीच टाकून ठेवायचे म्हटले, तर ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर साधारण चोवीसशे किलो लागेल. टब १,००० लिटरचा आहे!

'जाताना जरा जास्त टाकून जा' हा सल्ला सर्रास दिला जातो आणि वर तो अनुभवी माणसाच्या सुरात दिला जातो, म्हणून हा हिशेब येथे विस्ताराने मांडला. जास्त टाकण्याचा आणखी एक तोटा आहे. क्लोरीन फार चढले की चाचणीचा रंगच उडतो आणि पट्टी पांढरी दिसते. पाहणाऱ्याला वाटते की क्लोरीन संपले, आणि तो आणखी टाकतो.

दुसरी गोष्ट पीएचची. आपले ऊस उत्पादक शेतकरी माती परीक्षणाच्या कागदावरील 'सामू' म्हणून जिला ओळखतात, तीच ही. टबातील पाण्याचा सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असावा. याचे कारण त्वचेला किंवा डोळ्यांना होणारी आग एवढेच नाही. पाण्यात टाकलेल्या क्लोरीनचा जो भाग जिवाणूंना खरोखर मारतो, त्याचे प्रमाण सामूवर ठरते. सामू ७.२ असेल तर सुमारे दोन तृतीयांश क्लोरीन कामाचे असते, ७.५ ला जवळपास निम्मे आणि ८ वर पोहोचला की जेमतेम पाव. पट्टीवर आकडा तोच दिसतो, मात्र त्यातील तीन हिस्से क्लोरीन नुसते बसून असते. हवेचे फवारे चालू राहिले की पाण्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सामू वर चढतो. म्हणून घरात कोणी नसताना फवारे टायमरवर लावून जाणे हा शुद्ध अपव्यय आहे. सामू जागेवर धरून ठेवायला पाण्यात ॲल्कलिनिटी ८० ते १२० पीपीएम लागते आणि ती कमी असल्यास आपला खाण्याचा सोडा पुरतो. हे काम निघण्याच्या दोन दिवस आधी करावे. टॅक्सी दारात उभी असताना ते नीट होत नाही.

टबासोबत मिळालेले माहितीपुस्तक मी नंतर नीट वाचले आणि माझ्या लक्षात आले, की ते थंड देशातील माणसासाठी लिहिलेले आहे. घरी नसताना हीटर पूर्ण बंद करू नका, नळ्यांत पाणी गोठेल, असा त्यात इशारा आहे. कोल्हापुरात वैशाखात काय गोठणार? येथे हीटर बंदच करावा, कारण पाणी जितके गरम तितके क्लोरीन लवकर संपते. पण हीटर बंद केला म्हणजे पाणी थंड झाले, असेही समजू नये. झाकणाखालील पाणी मे महिन्यात आमच्या गच्चीवर ३२ अंशांच्या खाली गेले नाही, आणि न्यूमोनियासारखा गंभीर आजार करणारा लिजिओनेला हा जिवाणू साधारण २० ते ४५ अंशांत वाढतो. थंडीच्या देशात पाणी गार करून वेळ मारून नेता येते. आपल्याकडे उन्हाळ्यात ती सोय नाही. त्यात वळवाच्या पावसात लाईट गेली की पंप थांबतो आणि काही यंत्रांचे टायमर पुन्हा शून्यावर येतात. पाणी फिरत नाही, गाळणीतून जात नाही, आणि हे कळायला घरी कोणी नसते.

यावर तरंगत्या डब्यात ट्रायक्लोरच्या, म्हणजे सावकाश क्लोरीन सोडणाऱ्या, गोळ्या घालून जाण्याचा उपाय मला एका परिचितांनी सांगितला. पोहण्याच्या मोठ्या तलावात ते चालत असेल. छोट्या टबात या गोळ्या पाण्याचा सामू झपाट्याने खाली ओढतात, शिवाय त्यांतील स्थिरक, म्हणजे क्लोरीनला उन्हापासून जपणारे रसायन, पाण्यात साचत जाऊन उरलेल्या क्लोरीनलाच मंद करतो. मी प्रयोगादाखल एकदा गोळ्या घातल्या. त्यांतील एक डब्याच्या फटीतून निसटून आसनावर बसली. तिथे रुपयाच्या नाण्याएवढा खरखरीत पांढरा डाग पडला, तो आजही आहे. कोणाला क्लोरीनऐवजी सावकाश विरघळणाऱ्या ब्रोमीनच्या गोळ्या वापरायच्या असतील तर त्या गरम पाण्यात अधिक टिकतात हे खरे, पण त्यांनाही मधूनमधून पाहणारा माणूस लागतोच.

ओघात एक इशारा दिलाच पाहिजे. ट्रायक्लोरच्या गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर, जिला ग्रामपंचायतीत टीसीएल म्हणतात, या दोन्हींत क्लोरीनच असले तरी ती एका डब्यात, एका चमच्याने, एका बादलीत कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. त्यांच्या मिश्रणाने पेट घेतल्याच्या आणि विषारी वायू सुटल्याच्या घटना जगभर घडलेल्या आहेत. ॲसिडचेही तेच. आणि पावडर नेहमी पाण्यात टाकावी, पावडरीवर पाणी ओतू नये. घर बंद करण्याच्या घाईत उरलेल्या दोन पुड्या एका डब्यात रिकाम्या करून तो डबा माळ्यावर ठेवणारे लोक मला ठाऊक आहेत. मेच्या उन्हात तो माळा किती तापतो याचा त्यांनी विचार करावा.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. तीन-चार दिवसांचा प्रवास असेल तर गाळणी धुणे, सामू ठीक करणे, क्लोरीन ९-१० पीपीएमपर्यंत नेणे, वीस-पंचवीस मिनिटे झाकण उघडे ठेवून वाफ जाऊ देणे आणि हीटर बंद करणे एवढे पुरते. तोवर क्लोरीन किमान पातळीखाली गेलेले असू शकते, म्हणून परतल्यावर मोजल्याशिवाय कोणी उतरायचे नाही. गेल्या दिवाळीत मात्र दहा दिवस जायचे होते. समोरच्या बंगल्यावर रखवालीला असलेल्या मामांना मी आठवडाभर आधी शिकवले. प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या पाच छोट्या कोरड्या डब्यांत प्रत्येकी १० ग्रॅम दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट मोजून भरले, ज्यात क्लोरीन ६५ टक्के असते. म्हणजे आमच्या टबाला एका डबीने साधारण साडेसहा पीपीएमची भर पडते. डब्यांवर वार लिहिले. मामांनी दिवसाआड सकाळी यायचे, आधी पट्टी बुडवून तिचा फोटो मला पाठवायचा, मी हो म्हटले की अर्धी बादली पाण्यात त्या दिवसाची डबी विरघळवून टबात सोडायची आणि पंप अर्धा तास चालवायचा. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला, "सर, पट्टी जांभळी हुईना झालीया, पांढरीच ऱ्हायलीया." आदल्या रात्री लाईट जाऊन पंप बंद पडला होता, तो कोणी पुन्हा सुरू केला नव्हता. पंप सुरू करून त्यांनी त्या दिवशी दोन डब्या टाकल्या. हा फोन आला नसता तर पुन्हा एप्रिलचीच कथा झाली असती. कोणत्याही यंत्रापेक्षा मामांची ती दिवसाआडची दहा मिनिटे अधिक कामाची ठरली आणि त्याबद्दल त्यांना योग्य ते मानधन देणे हा मी टबाच्या खर्चाचाच भाग मानतो.

असा माणूस मिळत नसेल, किंवा पंधरवड्याहून अधिक काळ जायचे असेल, तर टब रिकामा करावा. एवढे पाणी फुकट घालवायचे जिवावर येते हे मी समजू शकतो, पण ते परत आल्यावरही ओतूनच द्यावे लागणार असते. रिकामा करण्यापूर्वी क्लोरीन १० पीपीएमवर नेऊन तासभर पंप चालवावा, म्हणजे नळ्या धुतल्या जातात. त्यानंतर झाकण उघडून एक-दोन दिवस ऊन लागू द्यावे आणि पट्टी शून्य दाखवू लागली की मगच ते पाणी बागेत सोडावे. क्लोरीनचे पाणी तसेच गटारात सोडले की ते जयंती नाल्यावाटे पंचगंगेत जाते, आणि माशांना फार थोडे क्लोरीनही घातक असते. नदीला आपण आधीच पुष्कळ दिले आहे. मुख्य स्विच बंद करावा, नाहीतर हीटर कोरडा जळतो. गाळणी बाहेर काढून वाळवावी. तळाशी आणि आसनांच्या खोलग्यांत उरलेले पाणी फडक्याने टिपून घ्यावे.

हे टिपणे सर्वांत महत्त्वाचे आहे आणि तेच सर्वांत जास्त टाळले जाते. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे आरोग्य विभाग वर्षानुवर्षे सांगत आला आहे. तळाला चार बोटे पाणी असलेला, क्लोरीन उडून गेलेला आणि झाकणाला फट असलेला टब म्हणजे डासांसाठी बांधून दिलेले घरच. टब पूर्ण कोरडा असला तरी झाकण मध्ये खचलेले असते. वळवाच्या एका पावसाने त्या खळग्यात बादलीभर पाणी साचते. आमच्या गच्चीवर मी त्यात वळवळणाऱ्या अळ्या स्वतः पाहिल्या आहेत. झाकणाखाली एक आडवी फळी किंवा मोठा फुगवलेला चेंडू ठेवला की पाणी घरंगळून जाते. घरोघरी कुंड्या, कूलर आणि फ्रीजमागचे ट्रे तपासणाऱ्या कर्मचाऱ्यांना महापालिकेच्या आरोग्य विभागाने गच्चीवरच्या टबांकडेही पाहण्यास सांगावे, अशी माझी विनंती आहे. आमच्या घरापासून सुरुवात केली तरी हरकत नाही.

मूळ मुद्दा भाड्याने मिळणाऱ्या टबांचा आहे. बंगल्यातील मालक वर्षातून दोनदा बाहेर जातो, पण घाटमाथ्यावरील फार्महाऊसचा टब दर आठवड्याला सोमवार ते शुक्रवार एकटा असतो. शनिवारी दुपारी पाहुणे येतात, हीटर चालू होतो, फवारे सुरू होतात आणि पाच दिवस नळ्यांत बसलेले जे काही असेल ते तुषारांतून नाकात जाते. १९९९ साली नेदरलँड्समधील बोव्हनकार्स्पेल येथे फुलांच्या प्रदर्शनात असे टब केवळ विक्रीसाठी मांडलेले होते. त्यांत कोणी उतरलेही नव्हते. जवळून जाणाऱ्यांनी त्यांचे तुषार श्वासावाटे घेतले, शंभराहून अधिक लोक लिजिओनेलाने आजारी पडले आणि किमान ३२ जण दगावले. हा आजार होण्याचा धोका पन्नाशीच्या पुढचे, धूम्रपान करणारे आणि फुप्फुसांचा विकार असलेले यांना अधिक असतो, आणि लक्षणे दोन ते चौदा दिवसांनी दिसतात. तोवर पाहुणे आपापल्या गावी पोहोचलेले असतात, त्यामुळे ताप कुठल्या पाण्यातून आला याचा माग कोणी काढत नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही अशाच एका ठिकाणी उतरलो होतो. पाणी शेवटचे कधी तपासले, असे मी व्यवस्थापकांना विचारले. ते म्हणाले, "साहेब, पाणी एकदम काचेसारखं आहे, बघा की." मी खिशातील पट्टी बुडवली. ती पांढरीच राहिली. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पट्टी नावाची वस्तू असते हेच त्यांना कोणी सांगितले नव्हते.

आपल्या गावोगावच्या पाण्याच्या टाकीवर 'टाकी धुतल्याचा दिनांक' रंगाने लिहिलेला असतो. कधी तो जुना असतो, कधी खरा नसतो, तरी निदान विचारायला जागा असते. भाड्याने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक टबाशेजारी अशी एक पाटी असावी आणि तिच्यावर पाणी बदलल्याची तारीख, त्या दिवसाचे क्लोरीन आणि सामू एवढे तीन आकडे खडूने लिहिलेले असावेत. फार्महाऊस चालवणाऱ्यांच्या संघटनांनी हे आपणहून सुरू केले तर त्याला कायद्याची वाट पाहावी लागणार नाही. पाहुण्यांनीही खोली ठरवताना हे तीन आकडे विचारावेत. सौ.चे म्हणणे असे, की हॉटेलात शिरल्यावर चारचौघे आधी वायफायचा पासवर्ड विचारतात आणि आमचे हे पट्टी काढतात. तिला त्याची लाज वाटते. पण त्या हिवाळ्यातील मुक्कामात टबात उतरायला तिनेच आधी नकार दिला होता.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक,
ताराबाई पार्क, कोल्हापूर